श्वासयंत्राचे आकडे कसे वाचावेत



घोरणे हा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या थट्टेचा विषय होऊन राहिला आहे. मोठ्याने घोरणाऱ्याला गाढ झोप लागली, असेच घरातील मंडळी समजत आली. परंतु घोरता घोरता ज्याचा श्वास मध्येच थांबतो, काही क्षण खोलीत शांतता पसरते आणि मग गुदमरल्यासारखा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो, त्या माणसाची झोप गाढ नसते. ती रात्रभर तुटत असते आणि सकाळी उठल्यावर त्याला स्वतःला त्याची आठवणही नसते. या विकाराला निद्राश्वासरोध, किंवा आता सर्वत्र रूढ झालेल्या शब्दात स्लीप ॲप्निया, असे म्हणतात.

हा विकार परदेशापुरता आहे असे मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी येणाऱ्या ३५ ते ६५ वर्षे वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत झोपेतील श्वसनदोषाचे प्रमाण १९.५ टक्के आणि त्याच्या जोडीला दिवसा झापड येण्याचा त्रास असणाऱ्यांचे प्रमाण ७.५ टक्के असल्याचा अंदाज निघाला. हे सर्वजण स्वतःला निरोगी समजणारे नागरिक होते.

या विकारावरील प्रमुख उपाय म्हणजे सीपॅप नावाचे यंत्र. हे यंत्र मोठ्या शहरांप्रमाणे आता तालुक्याच्या गावातील घरांतही दिसू लागले आहे. यंत्र घरी येते, आठ-दहा दिवसांत त्याच्या पडद्यावरील आकडे दिसू लागतात आणि मग प्रश्न उभा राहतो की, या आकड्यांचा अर्थ कोणाला विचारावा? डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. यंत्र विकणारा माणूस पुन्हा येईलच असे नाही. अशा वेळी रुग्णाचे नातेवाईक गावातील शिक्षकांकडे, ग्रामसेवकाकडे, पंचायतीच्या एखाद्या जाणत्या सदस्याकडे जातात. म्हणून या आकड्यांची तोंडओळख अशा सर्वांना असणे उपयुक्त ठरेल.

यंत्र काय करते?

जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात. झोपेत ते सैल पडतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद असतो किंवा मानेभोवती मेद साठलेला असतो, त्यांच्या बाबतीत जीभ व टाळूचा मऊ भाग मागे सरकून श्वासाची वाट बंद होते. छाती व पोट श्वास घेण्याची धडपड करीत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि पुन्हा डोळा लागताच हाच क्रम सुरू होतो.

१९८० सालापर्यंत गंभीर रुग्णांसाठी गळ्याला छिद्र पाडून तेथे नळी बसविणे हाच खात्रीचा इलाज होता. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी वेगळा विचार केला. नाकावाटे सतत थोड्या दाबाची हवा सोडली, तर ती हवाच घशाला आतून आधार देईल आणि वाट मिटणार नाही, असा तो विचार होता. पाच रुग्णांवरील त्यांचा अनुभव १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाण्याच्या ४.५ ते १० सेंटिमीटर उंचीइतका दाब त्या रुग्णांना पुरेसा झाला होता.

हा दाब किती, हे समजण्यास एक सोपा प्रयोग आहे. पाण्याने भरलेल्या पेल्यात एक नळी १० सेंटिमीटर खोल बुडवावी व तिच्यातून फुंकर घालून बुडबुडा काढावा. त्यासाठी जितका जोर लागतो, तितका तो दाब होय. वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत तो सुमारे एक टक्का भरतो. म्हणजे यंत्र हवा फुफ्फुसात कोंबत नाही. श्वास रुग्णाचा तोच घेतो. यंत्र केवळ वाट उघडी ठेवते.

आजची यंत्रे दाब देतात, त्याचबरोबर रात्रभराची नोंदही ठेवतात. या नोंदीत चार आकडे मुख्य असतात : वापराचे तास, हवेची गळती, एएचआय आणि दाब. बहुतेक जण पडद्यावर प्रथम एएचआय पाहतात आणि तेथेच थांबतात. गैरसमजाचे मूळ येथे आहे. हे चार आकडे वर सांगितलेल्या क्रमानेच वाचले पाहिजेत. कारण पहिले दोन ठीक असल्याखेरीज तिसऱ्याला अर्थ राहत नाही.

पहिला आकडा : वापराचे तास

समजण्याच्या सोयीसाठी एका सेवानिवृत्त गुरुजींचे कल्पित उदाहरण घ्यावे. तपासणीत त्यांचा श्वास तासाला ३० वेळा अडत असल्याचे आढळले. यंत्र आणल्यावर पडद्यावर रोज सकाळी '२' हा आकडा दिसू लागला. गुरुजींना समाधान वाटले. परंतु दिवसाची झापड गेली नाही. वर्तमानपत्र वाचता वाचता मान कलंडणे चालूच राहिले. यंत्र कुचकामी आहे, असे त्यांचे मत झाले.

वस्तुस्थिती अशी होती की, गुरुजी रात्री दहाला यंत्र लावत आणि एक वाजता उठले की मास्क काढून ठेवीत. त्यानंतरची चार तासांची झोप यंत्राविना होई. हिशेब केला तर पहिल्या ३ तासांत तासाला २ याप्रमाणे ६ वेळा श्वास अडला. पुढील ४ तासांत तासाला ३० याप्रमाणे १२० वेळा अडला. सात तासांत एकूण १२६ वेळा, म्हणजे तासाला १८ वेळा. पडदा २ म्हणत होता आणि शरीर १८ सोसत होते. यंत्र खोटे बोलत नव्हते. ते बंद असताना जे घडले, ते मोजणे त्याला शक्यच नव्हते.

म्हणून नोंदीतील पहिला प्रश्न एकच : माणूस किती तास झोपला आणि त्यांपैकी किती तास यंत्र तोंडावर होते? रात्री चार तास वापर पुरेसा, असा एक समज पसरला आहे. त्याचे मूळ अमेरिकेतील शासकीय विमायोजनेच्या एका नियमात आहे. यंत्राचा खर्च चालू ठेवण्यासाठी सलग ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर दिसावा, अशी ती अट आहे. नियमाची किमान अट आणि कामाचा मूळ हेतू यांतील फरक शासकीय कामकाज पाहणाऱ्यांना वेगळा सांगण्याची गरज नाही. रुग्णाच्या दृष्टीने जितकी झोप तितका वापर, हेच उद्दिष्ट होय.

तास कमी भरण्याची कारणेही नोंदीतच सापडतात. मध्यरात्री यंत्र बंद पडलेले दिसले तर वीज गेली होती काय, हे पाहावे. दर रात्री ठरावीक वेळी मास्क निघत असेल, तर नाक कोरडे पडणे, चोंदणे किंवा पट्टे काचणे यांपैकी काही कारण असते. यातील बहुतेक अडचणींवर उपाय आहे. परंतु त्यासाठी रुग्णाला दोष न देता कारण विचारले पाहिजे.

दुसरा आकडा : गळती

मास्कला पुढच्या बाजूस बारीक छिद्रे असतात. उच्छ्वासातील दूषित वायू बाहेर पडावा म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात. त्यांतून सतत हवा जात असते आणि दाब वाढेल तसे हे प्रमाणही वाढते. ही छिद्रे 'हवा वाया जाते' म्हणून चिकटपट्टीने किंवा कापसाने कधीही बुजवू नयेत. तसे करणे धोक्याचे आहे, हे घरातील प्रत्येकाला समजावून सांगावे.

याखेरीज मास्कच्या कडेने किंवा उघड्या तोंडातून जी हवा निसटते, ती अनावश्यक गळती होय. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही कंपन्यांची यंत्रे केवळ ही अनावश्यक गळती दाखवितात, तर काही यंत्रे छिद्रांतील हवा धरून एकूण आकडा दाखवितात. पहिल्या पद्धतीच्या एका प्रचलित यंत्रात मिनिटाला २४ लिटर ही काळजीची मर्यादा मानली जाते. दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रात याहून मोठा आकडासुद्धा अगदी स्वाभाविक असू शकतो. त्यामुळे एका घरातील यंत्राच्या आकड्याशी शेजारच्या घरातील यंत्राचा आकडा ताडून पाहण्यात अर्थ नाही. आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेतील मर्यादाच प्रमाण मानावी.

गळती फार असेल तर दाब टिकत नाही आणि श्वास मोजण्याची यंत्राची पद्धतही चुकू लागते. मग काही श्वासरोध सुटून जातात, काही चुकीने मोजले जातात. अशा रात्रीच्या एएचआयवर विसंबून राहू नये. गळती दिसली की पट्टे आवळण्याकडे सर्वांचा कल असतो. पण अति आवळल्याने मास्कची गादी दबते, कडा उचलली जाते आणि गळती उलट वाढते. रोज गादी साबणाच्या पाण्याने धुऊन चेहऱ्याचा तेलकटपणा काढणे, झिजलेली गादी बदलणे, आडवे झाल्यावर पट्टे बेताने जुळविणे आणि तोंड उघडे राहत असल्यास वेगळ्या प्रकारच्या मास्कबद्दल डॉक्टरांना विचारणे, हे खरे उपाय आहेत.

तिसरा आकडा : एएचआय

श्वास किमान १० सेकंद जवळजवळ पूर्ण थांबला तर तो एक श्वासरोध धरतात. श्वास थांबला नाही, पण बराच मंदावला, तर त्याला अर्धरोध म्हणता येईल. या दोन्हींची एकूण संख्या तासांनी भागली की एएचआय मिळतो. प्रौढ व्यक्तीत ताशी ५ पेक्षा कमी हे सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, अशी ढोबळ विभागणी आहे. यंत्र लावल्यावर हा आकडा ५ च्या खाली राहावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते.

परंतु रुग्णालयातील तपासणीचा एएचआय आणि घरच्या यंत्राचा एएचआय हे नावाने एक असले तरी मोजणीने एक नाहीत. रुग्णालयात डोक्याला तारा लावून झोप लागली की नाही हे पाहतात आणि बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजतात. घरच्या यंत्राला फक्त हवेचा प्रवाह कळतो. माणूस झोपला आहे की छताकडे पाहत पडला आहे, हे त्याला समजत नाही. समजा यंत्र ८ तास चालू होते, झोप ६ तासच लागली आणि श्वास २४ वेळा अडला. यंत्र ८ ने भागून ३ दाखवील. झोपेच्या हिशेबाने तो ४ होईल. उलट, जागेपणी कूस बदलताना रोखलेला श्वासही यंत्र कधी कधी रोध म्हणून नोंदविते. अमेरिकेतील छातीविकारतज्ज्ञांच्या संस्थेने, म्हणजे अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने, २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात या आकड्यांच्या व्याख्या निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत सारख्या नाहीत, याकडे लक्ष वेधले आहे.

यावरून आकडा टाकाऊ ठरत नाही. तो कसा वापरावा, एवढेच ठरते. एका रात्री २ आणि दुसऱ्या रात्री ६ दिसले म्हणून घाबरू नये. उताणे झोपणे, सर्दी, मद्यपान, अपुरी झोप यांमुळे आकडा वरखाली होतो. आठवड्याची किंवा महिन्याची सरासरी पाहावी. गळती आटोक्यात असूनही ती सरासरी ५ च्या वर टिकून राहिली, विशेषतः १० च्या पुढे गेली, तर नोंद घेऊन डॉक्टरांकडे जावे.

बरीच यंत्रे श्वासरोधाचे दोन प्रकारही वेगळे दाखवितात. घसा मिटल्यामुळे होणारा तो अवरोधजन्य रोध. दुसऱ्या प्रकारात घसा उघडा असतो, पण मेंदूकडून श्वासाची आज्ञाच येत नाही. त्याला केंद्रीय रोध म्हणतात. श्वास थांबताच यंत्र हवेची सूक्ष्म स्पंदने सोडते आणि वाट उघडी आहे की बंद, हे त्यांच्या प्रतिसादावरून ताडते. हा भेद महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात दाब वाढविल्याने लाभ होतो. दुसऱ्या प्रकारात लाभ होत नाही, कित्येकदा त्रासच वाढतो. उपचाराच्या प्रारंभी थोडे केंद्रीय रोध दिसणे आणि काही आठवड्यांत ते आपोआप ओसरणे, असे अनेकांच्या बाबतीत घडते. ते टिकून राहिल्यास, आणि रुग्णाला हृदयविकार असल्यास तर अगत्याने, तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

चौथा आकडा : दाब

स्वयंचलित यंत्र रात्रभर दाब कमीजास्त करते. सकाळी सरासरीबरोबर '९५ टक्के' असे लिहिलेला एक दाब दिसतो. रात्रीचा ९५ टक्के वेळ दाब त्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी होता, एवढाच त्याचा अर्थ. आठ तासांच्या, म्हणजे ४८० मिनिटांच्या वापरात केवळ २४ मिनिटे दाब त्याच्या वर गेला. हा आकडा रोगाच्या तीव्रतेचे माप नव्हे. दाब १२ असलेला रुग्ण दाब ८ असलेल्या रुग्णापेक्षा अधिक आजारी आहे, असे मुळीच नाही. ज्याच्या घशाला जितका आधार लागतो, तितका तो दाब असतो.

या आकड्याच्या बाबतीत पाळावयाचे पथ्य म्हणजे मनाने दाब न बदलणे. एएचआय वाढलेला दिसला की दाब वाढवावा, असा सल्ला ऐकीव माहितीवर दिला जातो. गळतीमुळे आकडा वाढला असेल, तर वाढीव दाबाने गळती आणखी वाढते. केंद्रीय रोधामुळे वाढला असेल, तर विकार बळावतो. कारण न पाहता केलेला उपाय दोन्हीकडून अंगाशी येतो.

आकडा आणि माणूस

आकडा चांगला म्हणजे रुग्ण चांगला, असे धरून चालू नये, हे दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवून दिले आहे. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' चाचणीत हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच जडलेले २,७१७ रुग्ण होते. सात देशांत झालेल्या या चाचणीत भारताचाही समावेश होता. यंत्र वापरणाऱ्यांचा एएचआय सरासरी २९ वरून ३.७ वर आला. तरीही हृदयविकाराचे झटके, पक्षाघात यांसारख्या घटनांत घट दिसली नाही. यंत्राचा वापर रात्री सरासरी ३.३ तासच होता. तो अपुरा पडला असावा, असे त्यावर अनेक तज्ज्ञांचे मत पडले. याच रुग्णांची दिवसाची झापड मात्र कमी झाली व मनःस्थिती सुधारली, हेही तितकेच खरे.

दुसरी चाचणी २०१५ सालची 'सर्व्ह-एचएफ'. हृदयाची आकुंचनशक्ती क्षीण झालेल्या आणि मुख्यतः केंद्रीय रोध असलेल्या १,३२५ रुग्णांची ती होती. त्यांना प्रत्येक श्वासागणिक आधार देणारे, सीपॅपहून वेगळ्या प्रकारचे यंत्र देण्यात आले. आकडा उत्तम उतरला. वर्षाअखेर एएचआय सरासरी ६.६ झाला. परंतु हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण यंत्र वापरणाऱ्या गटात २९.९ टक्के, तर न वापरणाऱ्या गटात २४ टक्के निघाले. त्यानंतर अशा रुग्णांसाठी त्या यंत्राचा वापर टाळण्यात येऊ लागला. साध्या सीपॅप यंत्राला हा निष्कर्ष लागू होत नाही. परंतु पडदा पाहून समाधान मानणे किती अपुरे आहे, याचा हा धडा सर्वांनाच उपयोगी आहे.

म्हणून चार आकड्यांनंतर पाचवा प्रश्न माणसालाच विचारावा. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली त्यासाठी एक साधी प्रश्नावली प्रसिद्ध केली. वाचन करताना, दूरचित्रवाणी पाहताना, प्रवासात, दुपारच्या जेवणानंतर स्वस्थ बसले असता, अशा आठ प्रसंगी डोळा लागण्याची शक्यता किती, याला प्रत्येकी ० ते ३ गुण द्यावयाचे असतात. २४ पैकी १० पेक्षा अधिक गुण झाले, तर झापड प्रमाणाबाहेर आहे असे समजतात. याला ना वीज लागते ना यंत्र, कागद-पेन्सिल पुरते.

गावपातळीवर काय करता येईल?

गावातील जाणत्या मंडळींनी डॉक्टरांची जागा घ्यावी, अशी अपेक्षा नाही. परंतु एका वहीत आठवड्याला एकदा पाच रकाने भरून ठेवण्यास ते रुग्णाला मदत करू शकतात : वापराचे तास, गळती, एएचआय, दाब आणि दिवसा झापड आली की नाही. मास्क काढून टाकलेल्या रात्री व वीज गेलेल्या रात्री यांवर खूण करावी. तीन महिन्यांची अशी वही हाती असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन डॉक्टरांसमोर बसलेल्या रुग्णाची दहा मिनिटे सार्थकी लागतात.

वाहनचालक, यंत्रावर काम करणारे कामगार आणि रात्रपाळीचे कर्मचारी यांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. चाकामागे बसलेल्या माणसाला आलेली डुलकी त्याच्या एकट्यापुरती राहत नाही. पडद्यावर कोणताही आकडा असला तरी दिवसा झापड येत असलेल्या माणसाने त्या दिवशी वाहन हाती घेऊ नये, हे त्याच्या कुटुंबाला व वरिष्ठांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

उदाहरणातील गुरुजींकडे शेवटी पुन्हा वळावे. त्यांना नवे यंत्र नको होते आणि दाब वाढविण्याचीही गरज नव्हती. एक वाजता उठल्यावर मास्क पुन्हा चढवावा, एवढेच कोणी तरी नोंदीतील तास पाहून त्यांना सांगावयास हवे होते. आपल्या गावातील अशा एखाद्या घरी यंत्राचा पडदा दाखविला जाईल, तेव्हा एएचआय पाहण्यापूर्वी 'रात्री किती वाजेपर्यंत लावले होते?' हा प्रश्न विचारला गेला, तर या भाषणाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.